उजेडातले धवले

श्री

सुकापूर, पनवेल
३ ऑगस्ट १९९१

ती. आशाआत्यास,
दिपाचा शि. सा. न. वि. वि.

कार्ड सोडून आंतर्देशीय घेतलंय, त्यावरूनच ओळखलं असशील की पोरीचं काहीतरी काम आहे. एम.ए.च्या वर्गात सरांनी प्रत्येकाला निबंधाला एकेक विषय दिला. माझ्या वाट्याला आलेला असा: त्या त्या काळाच्या चालीरीतींनी इंग्रजी प्रेमकवितेला कसा आकार दिला. बाकीच्यांना नाटकं, कादंबऱ्या मिळाल्या, मला हे. तू इतकी वर्षं चिपळूणच्या शाळेत इंग्रजी शिकवतेस, आता भाचीलाही शिकव.

आठवडाभर जुन्या कविता वाचते आहे. सगळ्यांत पुरुष रडतो आणि बाई गप्प. ती कधी बर्फ, कधी तारा, कधी दगड. हा तिच्यासाठी मरतो, पण पुढच्या कवितेत पुन्हा मरायला हजर. आपल्या सुकापुरात कुणी असा उसासे टाकत हिंडला असता तर भावकीने धरून त्याचं लग्न लावून दिलं असतं. मग हे लोक लग्न का करत नव्हते, एवढंच मला समजत नाही.

घरचं सगळं ठीक. वरच्या मजल्यावरची तुझी खोली होत आली. बाबांनी खिडकी पूर्वेला काढली, कारण तुला सकाळी वाचायला बसायची सवय. रोज संध्याकाळी वर जातात, ओल्या गिलाव्यावर हात फिरवतात आणि खाली येतात. मे महिन्यात तू निवृत्त झालीस की सामान न्यायला टेम्पो घेऊन ते स्वतःच येणार आहेत. भिंतींना रंग कोणता हवा ते विचारलंय. आई म्हणते, पांढरा नको, मळतो.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तरी चालेल.

तुझी,
दिपा

*

चिपळूण
१४ ऑगस्ट १९९१

चि. दिपास,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न बरोबर आहे, फक्त तो तू सरांना विचारायला हवा होतास. ते लोक लग्न करतच होते, पण ज्यांच्यावर कविता करायचे त्यांच्याशी नाही. त्या काळी मोठ्या घरांत लग्न म्हणजे दोन जमिनींची सोयरीक. मुलीचा बाप जावयाआधी त्याचं शिवार बघायचा. कवी असायचा दरबारी चाकरीतला. धन्याची बायको, नाहीतर त्याच्या आवाक्याबाहेरची एखादी बाई, हिची स्तुती करणं हा चाकरीचाच भाग. ती हो म्हणणार नाही हे त्यालाही ठाऊक, तिलाही ठाऊक. म्हणून ती बर्फ. ती विरघळली असती तर दोघांचीही धडगत नव्हती. आणि त्या कविता छापायच्या नसत, छापणं हलकं समजत. हाताने उतरवून चारचौघांत फिरायच्या. म्हणजे त्यातलं निम्मं रडणं मित्रांना दाखवायला.

पुढे दुसऱ्या तऱ्हेच्या कविता येतात, वेळ चाललाय, फुलं कोमेजतील, लाजू नकोस, अशा. त्या वाचायला गोड आहेत. वाचताना एक लक्षात ठेव, ती लाजणं सोडते तर नाव तिचं जातं, त्याचं काहीच जात नाही. त्या कवितांत जी घाई आहे ती सगळी त्याची, आणि भीती आहे ती तिची. फक्त भीतीला कडवं मिळालेलं नाही.

हे मी सगळं डोक्यातून लिहिलेलं नाही. इथल्या वाचनालयात इंग्रजांच्या घरगुती रीतींवर एक जाडजूड पुस्तक आहे, ते महादेवरावांनी शोधून दिलं. महादेवराव म्हणजे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. मूळचे साताऱ्याकडचे. संध्याकाळी वाचनालयात येतात. त्यांना इंग्रजी कविता कळत नाही असं ते स्वतःच सांगतात, आणि मग नेमकी चांगली ओळ दाखवतात. त्यांचं म्हणणं, कविता ही बांधावर उभं राहून लिहिलेली गोष्ट आहे, बांध कुठे आहे ते आधी बघावं. तुझ्या निबंधाला हे वाक्य चालेल, म्हणून कळवते.

सर्दी झाली होती, आता बरी आहे. महादेवरावांनी गवती चहा आणून दिला होता.

काशीला आणि तुझ्या आईला सांग, प्रकृतीची काळजी घ्या. मायेला सुट्टी देऊ नका.

तुझी,
आशाआत्या

*

सुकापूर
२ सप्टेंबर १९९१

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बांधाचं वाक्य मी वर्गात वाचलं आणि सर थांबलेच. कोणत्या समीक्षकाचं, असं त्यांनी विचारलं. मोजणी खात्याचं, असं मला म्हणवेना. मी म्हटलं, घरातल्या एका माणसाचं.

त्याच तासाला आणखी एक झालं. लग्नाच्या रीतींतून कविता कशी निघते याला इंग्रजीबाहेरचं उदाहरण सरांनी मागितलं. मी धवल्यांचं सांगितलं. सर मुंबईचे, त्यांना ठाऊक नव्हतं. मग समजावलं की आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण असते, ती बाईमाणूस, हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी तीच सांगते, आणि प्रत्येक विधीला तिचं गाणं असतं, ते धवले. त्यात नवरी गप्प बसते, पण तिच्या वतीने गाणारी बाईच असते. सर म्हणाले की हे निबंधात घाला, मी बघतो. आता शकूआजीकडे जाऊन बसावं म्हणते. गावात जुने धवले येणारी तीच एक उरली.

आता तुझ्याबद्दल. बाबांनी रंग विचारला होता, त्याचं तू काहीच लिहिलं नाहीस. पत्र मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं, त्यांना वाटलं माझ्याकडून ओळ सुटली. रंगाची ओळ नव्हती, महादेवरावांच्या मात्र पुष्कळ होत्या. आई हसली. बाबांच्या काही लक्षात आलं नाही. मी अजून हसलेली नाही, तू काय लिहितेस ते बघून हसेन.

उत्तर लवकर दे, नाहीतर मीच चिपळूणला येऊन गवती चहा मागेन.

तुझी,
दिपा

*

चिपळूण
१५ सप्टेंबर १९९१

चि. दिपास,
आशीर्वाद.

तू हसलीस तरी चालेल. आधी निबंधाचं लिहिते, म्हणजे पुढचं लिहायला हात सैल होईल.

इंग्रजांत एक काळ असा होता की नवरा गेला की बाईने वर्षानुवर्षं काळे कपडे घालायचे, दागिना काळा, कागदाची किनारसुद्धा काळी. पुरुषाची बायको गेली तर बाहीवर काळी फीत, आणि थोड्या दिवसांत त्याने दुसरी केली तरी कुणी बोट दाखवत नसे. आता त्या काळातल्या कविता उघड. मेलेल्या बायकोवरच्या एकाहून एक सुंदर. दुसऱ्या बायकोवर शोध, फारशा सापडणार नाहीत. माणसं दुसऱ्यांदा प्रेम करत नव्हती असं थोडंच आहे? पण ते मोठ्याने म्हणायची रीत नव्हती, म्हणून गाणं झालं नाही. आणि वय झालेल्या विधवेने कुणावर कविता लिहावी ही तर कल्पनाच नाही. हा मुद्दा मला पुस्तकात मिळालेला नाही.

महादेवरावांनी मला लग्नाचं विचारलं आहे. वाचनालयाच्या पायऱ्यांवर, छत्री झटकता झटकता. त्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी हो म्हटलं आहे.

तुला माझं पहिलं लग्न ऐकून ठाऊक आहे. पंधराव्या वर्षी उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरी दिलं, दुसऱ्या वर्षी यजमान तापाने गेले, मी सुकापूरला परत आले. पण एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. मी विशीत असताना एक स्थळ आलं होतं, चांगलं होतं. आपल्यात विधवेचा पाट लावतात, बंदी नव्हती कधी. पण पाट अंधारात, गावाच्या कडेला, हळू आवाजात. ना मांडव, ना धवला. चोरीचा माल उतरवावा तसा. मी तुझ्या आजोबांना म्हटलं की अंधारात मी लग्न करणार नाही. त्यांनी खूप विचार केला आणि मला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पाठवलं. त्यांचे उपकार आहेत. मी दुःखी होते असं समजू नकोस, मला शिकवायला आवडलं. पण आताही अट तीच आहे, लग्न दिवसा. महादेवराव म्हणाले की मोजणीवाला माणूस, उन्हातच कामं केली, अंधारात त्यांना काही जमतही नाही.

काशीला तू सांगशील का? मी लिहिलं तर पत्र तूच वाचून दाखवणार, मग तोंडीच सांग. तो माझ्या पाठचा भाऊ. मी परत आले तेव्हा लहान होता, दिवसभर माझा पदर सोडत नव्हता. त्याला वाईट वाटलं तर मला चालणार नाही.

तुझी,
आशाआत्या

*

सुकापूर
६ ऑक्टोबर १९९१

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी हसले नाही. पत्र वाचून थोडी रडले आणि मग हसले.

बाबांना सांगितलं, ते काही सरळ झालं नाही. सगळं खरं लिहिते. पहिल्यांदा ते म्हणाले की ह्या वयात लोक काय बोलतील. आईने विचारलं, कुठले लोक, सुकापुरात आता निम्मे लोक भाड्याने राहायला आलेले, त्यांना आपलं नावही ठाऊक नाही. मग म्हणाले, आपल्यातला नाय, साताऱ्याचा हाय. आई म्हणाली, जेवायला तर बसेल. मग मोजणी खात्याचं कळलं आणि ते उठूनच उभे राहिले. जन्मभर ज्यांनी आमच्या शेतात मोजणीच्या साखळ्या ओढल्या त्यांतला एक आता पाटावर बसणार का, असं म्हणाले आणि बाहेर गेले. त्यानंतर जेवताना खाली बघायचे. वर जाणं बंद केलं.

मला राग आला होता आत्या. निबंधात चालीरीतींवर पानं भरतेय आणि घरात हे. भांडायचं ठरवून एक दिवस मी वर गेले, तर बाबा तुझ्या खोलीत खिडकीला कडी बसवत होते. कडी नीट बसत होती, तरी काढून पुन्हा बसवत होते. मी काही बोलण्याआधी तेच बोलले. म्हणाले की बाय परत आली तेव्हा आजोबांच्या घरात तिला स्वतःची जागा नव्हती, चुलीमागे झोपायची, हे त्यांनी लहानपणी बघितलंय. मोठं होऊन तिला खोली बांधून द्यायची असं तेव्हाच मनात धरलं होतं. आता खोली झाली तर ती दुसऱ्याच्या घरी चालली. मोजणीवाल्याचं, साताऱ्याचं काही नाही, असं स्वतःच म्हणाले. मग तोंड फिरवून कडी पुसत बसले.

माझं भांडण तिथेच राहिलं. आता तू लिही. माझ्याकडून सांगणं नको, त्यांना लिही.

तुझीच,
दिपा

*

चिपळूण
१४ ऑक्टोबर १९९१

चि. काशीस,
आशीर्वाद.

हे पत्र अक्षरं मोठी काढून लिहिते आहे, म्हणजे तुला दिपाची गरज लागणार नाही.

खोलीला फिकट निळा रंग दे. दिपाला अभ्यासाला जागा नाही, तिला ती आजच दे. मी येईन तेव्हा तिला बाहेर काढेन, आत्याचा तेवढा हक्क आहे.

काशी, तू लहान होतास तेव्हा मला विचारायचास, बाय, तू परत कधी जाणार? मी जायला तुला नको असायचं, म्हणून विचारायचास. मी म्हणायचे, कुठेच जाणार नाही. तसंच झालं, बदलीच्या गावी राहिले तरी मी कुठे गेलेच नाही. पण बाबा रे, जी कुठे जात नाही तिला परत यायचंही सुख नसतं. प्रत्येक सुट्टीत मी सुकापूरला आले ती आपल्याच घरी राहायला आले, माहेरी म्हणून आले नाही. मला एकदा तुझ्या दारातून जायचं आहे, म्हणजे तिथे येता येईल.

तू नको म्हणालास तर मी रागावणार नाही. पण लग्न मी करणार आहे, आणि तुझ्या अंगणातून झालं तर मला आनंद होईल. दिवसा.

महादेवरावांना दिवाळीनंतर घेऊन येते. त्यांच्याशी जमिनीविषयी भांडायचं असेल तर भांड. त्यांना सवय आहे.

तुझी,
बाय

*

चिपळूण
२ डिसेंबर १९९१

चि. दिपास,
आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. एसटीत महादेवराव पनवेलपासून महाडपर्यंत काशीबद्दलच बोलत होते. दोघांनी अंगणात बसून तुमच्या जुन्या शेताची हद्द काठीने मातीत काढली, तेव्हा मला धसका बसला होता. आता कळतं की तीच सोयरिकीची बैठक होती. हद्दीचा एक दगड चुकीच्या जागी होता हे महादेवरावांनी मान्य केलं, तेव्हा काशीचा चेहरा बघितलास ना? एवढा मोठा हुंडा आमच्यात कुणी घेतला नसेल.

आणि तू. कर्नाळ्याला पक्षी बघायला आम्ही दोघं निघालो तर काशी म्हणाला की लग्नाआधी एकटं जायचं नाय, दिपाला न्या. पन्नाशी उलटलेल्या दोन माणसांवर बावीस वर्षांची राखणदार. तूही इतकी इमानी की बाकावर आमच्या मधोमध बसून डबा उघडलास. इंग्रज घरांत मुलींबरोबर अशीच एक वडीलधारी बाई बसायची, ती विणकाम करायची म्हणजे मुलांना वाटावं की तिचं लक्ष नाही. तुझं सगळं लक्ष होतं आणि शिवाय थालीपीठही तूच संपवलंस. महादेवरावांनी तुझ्या डोक्यावरून मला हळद्या दाखवला. सबंध दिवसात ते माझ्याशी तेवढंच बोलले. तुझ्या निबंधातल्या कवींना चालीरीतींमुळे किती ओळी सुचल्या असतील ते मला त्या दिवशी कळलं. मधे कुणी बसलेलं असलं की एक पिवळा पक्षीसुद्धा पुरतो.

माघातली तारीख काशीने ठरवली, सकाळची. बाकी तू बघ. फार थाट नको.

काळजी घे, आणि माया करणं विसरू नकोस.

तुझी,
आत्या

*

सुकापूर
१९ जानेवारी १९९२

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

थाट नको हे वाचलं आणि बाजूला ठेवलं. तुझ्या लग्नात धवले व्हायला हवेत, असं मी आईला म्हटलं, आणि आम्ही दोघी शकूआजीकडे गेलो.

तिने ऐकून घेतलं, पान लावलं आणि नाही म्हणाली. धवला कोऱ्या नवरीचा, पाटाला धवला कुणी गायला नाही, तिच्या सासूने नाही, सासूच्या सासूने नाही. रागावून नाही म्हणाली, खेदानेच म्हणाली. गाणी तिची नाहीत, तिच्याकडे ठेवायला दिलेली आहेत, आणि ठेवायला दिलेली वस्तू मनाला येईल तशी वापरत नाहीत. खरं सांगू, तिचं मला पटलं. आम्ही परत आलो.

जेवताना बाबांनी विचारलं कुठे गेला होता. आईने सांगितलं. ते हात धुऊन सरळ चपला घालून निघाले, मी मागोमाग. शकूआजीच्या ओट्यावर ते बसले आणि तिला आठवण दिली की बायच्या पहिल्या लग्नात सासूच्या शेजारी बसून तीच गायली होती, ते स्वतः मांडवाच्या मेढीला धरून ऐकत होते. तिला आठवत होतं. मग म्हणाले की तेव्हा तू अखंड संसाराचा आशीर्वाद गायलीस, तो अर्ध्याच वाटेपर्यंत पोचला. देवाकडे नवीन काही माग असं मी म्हणत नाय, राहिलेला आशीर्वाद पोचता कर.

शकूआजीने पुन्हा पान लावलं. मग विचारलं, लग्न सकाळी किती वाजता.

आता अडचण वेगळीच आहे. धवल्यांत नवरीला ठिकठिकाणी कवळी म्हटलंय, कवळी काकडी, कवळं पान. सत्तावन्न वर्षांच्या नवरीला हे म्हणावं कसं, यावर गेले काही दिवस शकूआजीच्या ओट्यावर बायका जमतात. काय ठरलंय ते तुला सांगणार नाही.

निबंध दिला. धवल्यांचं शेवटी घातलं. सरांनी समासात लिहिलंय की विषयाबाहेर आहे, आणि खाली लिहिलंय की काढू नका.

तू ये लवकर. हळद आईने दळायला काढली आहे.

तुझी,
दिपा

*

चिपळूण
१ मार्च १९९२

चि. दिपास,
आमच्या दोघांचे आशीर्वाद.

घर लागलं. म्हणजे माझी पुस्तकं आणि त्यांचे नकाशे यांची एका कपाटात सोयरीक झाली. मोजणीवाले असूनही निम्मी जागा देतो म्हणाले आणि पाऊण घेतली.

लग्नाच्या दिवशी मला कुणाशी बोलताच आलं नाही, म्हणून आता लिहिते. पंधराव्या वर्षी मी तेच धवले ऐकले होते, पण त्यातलं काही कानात शिरलं नव्हतं. शालू टोचत होता आणि झोप येत होती. या वेळी एकेक शब्द ऐकला. हळदीला, मांडवाला, विहिरीला, सगळ्यांना शकूआजी नावाने हाक मारून बोलवत होती, आणि तिचा आवाज आता फाटला आहे तरी उन्हात लांबवर जात होता. मग कवळीची जागा आली. मी मान खाली घातली, आता काय म्हणते म्हणून. तर तिने गायलं:

नवरी आमची शानी गो, शानी,
गावच्या लेकी शिकवून आली,
पिकल्या आंब्याला गोडी गो, गोडी,
उशिराच्या पावन्याला मांडवी बशिवली.

मागे तुम्ही सगळ्या बायकांनी ओळ उचललीत. तुझा आवाज सगळ्यांत बेसूर होता, मला ओळखू आला. मी इतकी वर्षं मुलींना कवितेतली प्रतिमा समजावत आले. त्या क्षणी मला फक्त वाटलं की या ओळी माझ्या आहेत, माझ्यासाठी कुणीतरी बसून केल्या. त्या तुझ्या कवितांतल्या बायका, तारा म्हणा, बर्फ म्हणा, त्यांनाही स्वतःवरची कविता ऐकताना असं काही वाटलं असेल का? वाटलं असेल तर रीतीमुळे त्यांना सांगता आलं नसेल. मी सांगून टाकते. फार बरं वाटलं.

महादेवराव विचारतात, पिकला आंबा मी की ते. मी उत्तर दिलेलं नाही.

काशीला म्हणावं एक ओळ तरी लिही.

तुझीच,
आत्या

*

सुकापूर
१२ मार्च १९९२

ती. सौ. बाय,
काशीरामचा नमस्कार.

आमी सगळे बरे हाव. दिपा निळ्या खोलीत अभ्यास करते, म्हणजे दार लावून काय करते ते आमाला ठाऊक नाय. शकूआजी येऊन गेली. तिला आता दोन गावांतून बोलावणं आलं, पाटाला धवले गा म्हणून. ती म्हणते मी थकली, पण गेली.

पाव्हण्यांना सांग, तो हद्दीचा दगड मी हलवला नाय. ते आले की दोघं मिळून हलवू.

तुला वाटत आसंल का काशी कधी लिवत नाय, आळशी हाय. तसं नाय बाय. चौथीपर्यंत शिकलो, पत्र मला लिवता येतं. पण कागदावर तुझं नाव लिवायचं तर आधी गं. भा. लिवायला लागायचं. आपल्या बाबांनी पयल्यांदा लिवलेलं मी बघितलं होतं, ते लिवताना त्यांचा हात थांबला होता. मला ती अक्षरं तुझ्या नावाला लावायची नव्हती. म्हणून मी पत्र दुसऱ्याला लिवायला सांगायचो, आधी मास्तरांना, मग दिपाला. दिपा श्रीमती लिवते, तेपण मला नको वाटायचं.

आज दिपा बोलली, द्या बाबा, पत्ता मी घालते. मी दिला नाय. वर सौ. लिवलंय ते बघ, जरा वाकडं झालंय, पण मीच लिवलंय. पाकिटावर पण मीच.

आंबे उतरले की दोघं या.

तुझा,
काशी